निर्वासितांच्या दवाखान्यात काम करायचंय? आधी मंगळवारची ओपीडी बघा

प्रश्न थोडक्यात असा: नागपूरहून एमबीबीएस, मेळघाटातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात एक वर्षाचा बाँड, स्टेप १ (अमेरिकेतल्या डॉक्टरी परवान्याच्या परीक्षेचा पहिला टप्पा) पास, स्टेप २ची तयारी सुरू. अमेरिकेत रेसिडेन्सी, म्हणजे तिथलं पदव्युत्तर प्रशिक्षण, करून पुढे निर्वासितांच्या आरोग्यसेवेतच काम करायचं आहे. शाखा कोणती घ्यावी, त्यानंतरची उपशाखेची फेलोशिप कोणती करावी, आणि मेळघाटचं वर्ष अर्जात उपयोगी पडेल का?

मी इंटर्नल मेडिसिनची. मराठवाड्यातल्या सरकारी कॉलेजातून शिकले, २०१० साली अमेरिकेत इंटर्न, म्हणजे पहिल्या वर्षाची रेसिडेंट, म्हणून रुजू झाले. मिडवेस्टमधल्या एका शहरात रेसिडेंट्सच्या निर्वासित क्लिनिकची जबाबदारी गेली बारा वर्षं माझ्याकडे आहे. उत्तर लांबणार, चहा घेऊन बसा.

फेलोशिपपासून सुरू करते, कारण सगळा घोळ तिथेच होतो. अमेरिकेत प्रशिक्षणाला मान्यता देणारी संस्था म्हणजे एसीजीएमई. तिच्या यादीत झोपेच्या विकारांची फेलोशिप आहे, पण 'निर्वासित आरोग्य' नावाची उपशाखाच नाही. त्या विषयाची बोर्ड परीक्षाही नाही. तुम्हाला इंटरनेटवर जे दिसतं ते बहुतेक वेळा 'ग्लोबल हेल्थ' फेलोशिपच्या नावाने दिसतं. विद्यापीठांनी आपापल्या बळावर चालवलेली, एक किंवा दोन वर्षांची. त्यातले काही महिने परदेशात, काही महिने त्यांच्याच शहरातल्या निर्वासित क्लिनिकमध्ये, आणि पगार निघावा म्हणून उरलेला वेळ वॉर्डात हॉस्पिटलिस्टचं, म्हणजे दाखल रुग्ण बघायचं काम. वाईट नसतात. पण तुमच्यासाठी त्यात एक खड्डा आहे, तो कुणी आधी सांगत नाही. तुम्ही जे-१ ह्या प्रशिक्षणार्थींच्या व्हिसावर आलात, तर त्या व्हिसाचं प्रायोजकत्व मान्यताप्राप्त प्रशिक्षणाशी बांधलेलं असतं. एसीजीएमईची किंवा संबंधित बोर्डाची मान्यता नसलेल्या फेलोशिपसाठी जे-१ पुढे चालू ठेवणं फार अवघड. माझ्या हाताखालच्या दोन रेसिडेंट्सनी निवड झालेली जागा केवळ ह्या कारणाने सोडली. दोघंही हुशार होते, पण व्हिसाच्या अटी त्यांनी वाचल्या त्या तिसऱ्या वर्षी.

म्हणून माझं म्हणणं असं, की ही विद्या फेलोशिपमध्ये नाही तर रेसिडेन्सीतल्या ओपीडीत शिकायची असते. अमेरिकेत प्रत्येक रेसिडेंटची एक स्वतःची ओपीडी असते, तिला कन्टिन्यूइटी क्लिनिक म्हणतात. तीन वर्षं तेच रुग्ण, तोच डॉक्टर. आमच्याकडे ती मंगळवारी असते. त्या मंगळवारी तुमच्या समोर कोण येऊन बसतं, त्यावर तुम्ही काय शिकणार ते ठरतं. विमा असलेले, इंग्रजी बोलणारे रुग्ण मंगळवारी आणि निर्वासित फक्त दोन आठवड्यांच्या इलेक्टिव्हमध्ये, म्हणजे ऐच्छिक कामात, अशी व्यवस्था असेल तर पदरात पडतात त्या चार गोष्टी सांगण्यासारख्या, बस्स. जंतांच्या गोळ्या लिहून दिलेली मुलगी दोन वर्षांनी पुन्हा येते आणि पोटुशी असते, हे इलेक्टिव्हमध्ये कधीच दिसत नाही.

काम नेमकं काय असतं ते सांगते. १९८०च्या निर्वासित कायद्याखाली जी माणसं अमेरिकेत आणली जातात, त्यांची वैद्यकीय तपासणी निघण्याआधीच, छावणीच्या देशात होते. सीडीसी ही अमेरिकेची रोगनियंत्रण संस्था नियम ठरवते, तपासणी पॅनेल डॉक्टर, म्हणजे त्यासाठी नेमलेले डॉक्टर करतात. बऱ्याच ठिकाणी ते आयओएम ह्या स्थलांतर संघटनेचे असतात. संसर्गजन्य क्षयासारखा 'क्लास ए' आजार निघाला तर उपचार होईपर्यंत प्रवास थांबतो. 'क्लास बी' म्हणजे प्रवासाला हरकत नाही, पण पोचल्यावर पाठपुरावा करा. विमानतळावर ही माणसं आयओएमची पांढरी प्लास्टिकची पिशवी छातीशी धरून उतरतात. एक्स-रे, लसींची नोंद, उपचारांचे कागद सगळं त्यात असतं. पहिल्या भेटीत ती पिशवी रिकामी करून एकेक कागद वाचायचा, हा आमच्या क्लिनिकचा पहिला नियम. पोचल्यापासून ३० ते ९० दिवसांत इथली तपासणी व्हावी असा संकेत आहे: क्षय, हिपॅटायटिस बी, रक्तक्षय, जंत, लसी, लहान मुलांचं शिसं, मनाची अवस्था.

ह्यात कठीण काय, असं वाटेल. मलाही वाटलं होतं.

रेसिडेन्सीच्या दुसऱ्या वर्षी माझ्याकडे साठीचे एक भूतानी गृहस्थ आले. भूतानी म्हणजे ल्होत्शम्पा, नेपाळीभाषक. १९९०च्या सुमारास भूतानमधून हाकलले गेले, नेपाळच्या झापा आणि मोरंग जिल्ह्यांतल्या छावण्यांत पंधरा-वीस वर्षं राहिले, आणि २००७-०८पासून त्यांतल्या एक लाखाहून जास्त लोकांचं पुनर्वसन झालं, बहुतेकांचं अमेरिकेत. तर ह्या बाबांना छातीत घरघर होती. मी दम्याचं निदान केलं, प्रेडनिसोलोन ह्या स्टेरॉइडचा कोर्स दिला. दहा दिवसांनी ते पोटदुखी, ताप आणि रक्तात जिवाणू घेऊन आयसीयूत दाखल झाले. स्ट्रॉन्जिलॉइडिस. हा जंत माणसाच्या शरीरातच पिढ्या चालवतो, त्यामुळे चिखल सोडून तीस वर्षं झाली तरी तो आत असतो. एरवी गप्प; स्टेरॉइड मिळालं की उसळतो आणि आतड्यातले जिवाणू अंगावर घेऊन शरीरभर पसरतो. बाबांच्या जुन्या रिपोर्टात इओसिनोफिल, म्हणजे जंत असले की वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी, वाढलेले स्पष्ट दिसत होते. तो कागद त्या पांढऱ्या पिशवीत होता. मी तो पाहिला नव्हता. बाबा वाचले, ते आयसीयूतल्या लोकांच्या कृपेने, माझ्या नव्हे.

आता रेसिडेंट्सना मी हे असं शिकवते. छावणी सोडताना जंतांची औषधं बहुतेकांना दिली जातात, पण कोणती, ते देशावर आणि वर्षावर अवलंबून. नेपाळहून आलेल्या सुरुवातीच्या तुकड्यांतल्या अनेकांना फक्त अल्बेंडाझोल मिळालं होतं; त्याने गोल जंत, हुकवर्म जातात, स्ट्रॉन्जिलॉइडिसची खात्री नाही. त्याला आयव्हरमेक्टिन लागतं. मग सरसकट आयव्हरमेक्टिन का देऊ नये? कारण काँगो, कॅमेरूनसारख्या मध्य आफ्रिकेतल्या देशांत लोआ लोआ नावाचा दुसरा कृमी आहे. तो रक्तात खूप असेल आणि आयव्हरमेक्टिन दिलं, तर मेंदूला सूज येऊन माणूस जाऊ शकतो. म्हणून आधी रक्त तपासायचं, आणि तेही सकाळी दहा ते दुपारी दोनच्या दरम्यान काढलेलं, कारण ह्या कृमीची पिल्लं भर दिवसाच रक्तात फिरतात. म्हणजे 'कुठून आलात' ह्या प्रश्नाचं उत्तर 'काँगो' हे पुरेसं नाही. जन्म कुठे, वाढलात कुठे, छावणी कोणत्या देशात, निघालात कधी. आमच्या पहिल्या भेटीच्या फॉर्मवर हे चार रकाने आहेत आणि औषधाच्या रकान्याच्या वर आहेत.

जंत, हिवताप हे सगळं मात्र एका वहीत मावतं. कुणीही महिनाभरात शिकेल. खरी मेहनत दुभाष्याची आहे, आणि तिथे आपण भारतीय डॉक्टर सगळ्यात जास्त घसरतो. हे जरा सविस्तर सांगते.

नेपाळी देवनागरीत लिहिली जाते. भूतानी लोकांना हिंदी सिनेमामुळे हिंदी बऱ्यापैकी कळते. मी इंटर्न म्हणून आले तेव्हा सगळ्या क्लिनिकमध्ये मीच एकटी होते जी त्यांच्या औषधांच्या जुन्या चिठ्ठ्या वाचू शकत होते. केवढा रुबाब! दुभाषी नको, मी बघते, असं सांगून मी हिंदीत रुग्ण तपासायचे. एक बाई आल्या, म्हणाल्या, हातपाय 'झमझम' करतात. मला वाटलं, पाऊस पडतो तसं काही, अशक्तपणा असेल. लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या. पुढच्या वेळी त्या आल्या तेव्हा माझ्या वरिष्ठ डॉक्टरांनी फोनवर दुभाषी घेतला. झमझम म्हणजे मुंग्या. आपल्या मराठीत ज्याला मुंग्या येणं म्हणतो, तेच. रक्तातलं बी-१२ तळाला गेलेलं होतं. पुढच्याच मार्चमध्ये, २०११ साली, सीडीसीने भूतानी निर्वासितांमधल्या बी-१२च्या कमतरतेवर अहवाल छापला: छावणीच्या शिध्यात मांस, अंडी, दूध जवळजवळ नसायचं, वर्षानुवर्षं. इथे माझ्यासमोर बसलेली बाई तेच सांगत होती आणि मी भाषा येते म्हणून ऐकत नव्हते.

दुसरा प्रसंग ह्याहून वाईट. एका तरुणाला झोप येत नव्हती. मी हिंदीत विचारलं, दिमाग में कोई तकलीफ़ है क्या. तो उठून गेला. नेपाळीभाषकांत 'मन' आणि 'दिमाग' हे दोन वेगळे. मनाला दुखतं, मनात कुढतं, हे कुणीही सांगेल, त्यात लाज नाही. दिमागात बिघाड म्हणजे वेडा. मी त्याला भर क्लिनिकमध्ये वेडा म्हटलं होतं. गंमत बघा, मराठीत मी 'मनाला काही लागलंय का' असंच विचारलं असतं. हिंदीने घात केला. आणि हा काही शब्दांचा खेळ नव्हता. फेब्रुवारी २००९ ते फेब्रुवारी २०१२ ह्या काळात अमेरिकेतल्या भूतानी निर्वासितांमध्ये १६ आत्महत्यांची नोंद झाली. सीडीसीने काढलेला दर दर लाखामागे २०.३ होता, अमेरिकेच्या तेव्हाच्या सर्वसाधारण दराहून बराच जास्त. तो तरुण दोन महिन्यांनी परत आला, माझ्याकडे नाही, माझ्या सहकाऱ्याकडे. तेवढं तरी झालं.

तेव्हापासून माझा हात कुणी धरला तरी मी दुभाष्याशिवाय बोलत नाही, हिंदी कळणाऱ्या अफगाणांशीही नाही. १९६४च्या नागरी हक्क कायद्यामुळे सरकारी पैसा घेणाऱ्या प्रत्येक दवाखान्याला दुभाषी पुरवणं बंधनकारक आहे. घरच्या लहान मुलाला दुभाषी करणं तर आणीबाणी वगळता चालतच नाही. तरी रेसिडेंट्स करतात, घाई असते म्हणून. दहा वर्षांच्या मुलीच्या तोंडून आईची पाळी विचारणारा रेसिडेंट दिसला की मी त्याला बाहेर बोलावते. शिकवण्याच्या गोष्टी साध्या आहेत: बघायचं रुग्णाकडे, दुभाष्याकडे नाही, 'तिला विचारा' असं न म्हणता थेट 'तुम्हाला' म्हणायचं, एका दमात एकच वाक्य, आत जाण्याआधी दुभाष्याला एक मिनिट सांगायचं की आज काय बोलणार आहोत. आणि एक न सुचणारी गोष्ट: समाज छोटा असतो. समोरचा दुभाषी रुग्णाचा मेहुणा निघू शकतो. एचआयव्ही, नवऱ्याची मारहाण, आत्महत्येचे विचार, ह्यांसाठी दूरच्या राज्यातला फोनवरचा दुभाषीच बरा, आणि रुग्णाचं नाव त्याला सांगायचं नाही.

इथे तुमचं मेळघाट येतं. तुम्ही लिहिलंय की तिथे 'तळागाळातल्या आदिवासींची सेवा' केली. अर्जात हे वाक्य घालू नका. असं वाक्य दरवर्षी अनेक अर्जांत असतं आणि वाचणाऱ्याच्या डोळ्यांवरून घसरून जातं. पण तुम्हाला कोरकू येत नव्हती, बरोबर? मग आशाताई किंवा आरोग्य केंद्रातली आया मध्ये बसून बोलायची. तिने काय गाळलं, काय स्वतःच्या मनाने घातलं, तुम्हाला कधी संशय आला, तेव्हा काय केलंत, हे लिहा. असा एक खरा प्रसंग, दहा ओळींत. निवड समितीत बसणारी मी अशा अर्जापाशी थांबते. मेळघाटात खपून जाणारी एक सवयही आत्ताच ओळखून ठेवा: आपण तिकडे रुग्णाला विचारत नाही, सांगतो. इथे तीच सवय पहिल्या आठवड्यात उघडी पडते.

शाखेचं म्हणाल तर फॅमिली मेडिसिन सगळ्यात जवळचं. तीन वर्षं, आजीपासून तान्ह्यापर्यंत अख्खं कुटुंब एका खोलीत, बाळंतपणंही. निर्वासित कुटुंब म्हणून येतात, आणि बापाचा क्षय, मुलाचं शिसं, आईचं नैराश्य एकाच डॉक्टरच्या डोक्यात असणं ह्याची तोड नाही. इंटर्नल मेडिसिन घेतलंत तर पुढे संसर्गजन्य रोगांची दोन वर्षांची मान्यताप्राप्त फेलोशिप करता येते, व्हिसाचा प्रश्नही त्यात कमी. मेडिसिन आणि बालरोग एकत्र असा चार वर्षांचा मेड-पेड्स नावाचा प्रकार आपल्याकडे नाही. जागा थोड्या, पण ह्या कामाला उत्तम. मानसोपचाराला तर लोक हवेच आहेत. रेडिऑलॉजी घेऊन सवडीने निर्वासितांची सेवा करीन, असं म्हणणारे भेटतात. करोत.

ठिकाणं बघताना नावाजलेल्या विद्यापीठामागे धावू नका, शहर बघा. सिअ‍ॅटलच्या हार्बरव्ह्यू हॉस्पिटलमध्ये १९८०च्या दशकापासून निर्वासितांसाठी इंटरनॅशनल मेडिसिन क्लिनिक आहे. मिनेसोटात आधी लाओसमधले ह्मोंग आले, मग सोमाली. तिथल्या विद्यापीठाच्या रेसिडेन्सीत ग्लोबल हेल्थचा वेगळा मार्ग आहे, आणि छळ सोसलेल्यांसाठीचं सेंटर फॉर व्हिक्टिम्स ऑफ टॉर्चर १९८५ पासून त्याच राज्यात आहे. फिलाडेल्फियात जेफरसनचा फॅमिली मेडिसिन विभाग हे काम बरीच वर्षं करतो. न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यूत छळग्रस्तांचा कार्यक्रम १९९५ साली सुरू झाला. ही मोठी नावं. पण ओहायोचं अ‍ॅक्रन, जॉर्जियाचं क्लार्क्स्टन अशी गावं नकाशावर शोधा, जिथे निर्वासित खरंच राहतात, आणि जवळच्या कम्युनिटी हॉस्पिटलात रेसिडेन्सी आहे का बघा. परदेशी पदवीधरांना तिथे दार जास्त उघडं असतं.

मुलाखतीत शेवटी 'तुम्हाला काही विचारायचंय?' असं म्हणतात तेव्हा हे विचारा: माझ्या कन्टिन्यूइटी क्लिनिकमधल्या किती रुग्णांना दुभाषी लागतो? त्यांच्यासाठी वेळ किती, इतरांइतकीच वीस मिनिटं की दुप्पट? पुनर्वसन संस्थेचा केसवर्कर क्लिनिकमध्ये येतो का? एन-६४८ फॉर्म कोण भरतं? शेवटच्या प्रश्नाने समोरचा माणूस दचकला तर त्या ठिकाणी निर्वासित क्लिनिक फक्त वेबसाइटवर आहे असं समजा.

एन-६४८ काय ते सांगते, कारण ह्या एका कागदात सगळा विषय आहे. निर्वासिताला एका वर्षाने ग्रीन कार्डसाठी अर्ज करावा लागतो, पाच वर्षांनी नागरिकत्वाचा करता येतो. नागरिकत्वाला इंग्रजी आणि नागरिकशास्त्राची परीक्षा असते. स्मृतिभ्रंश, मेंदूची इजा, छळामुळे आलेला तीव्र मानसिक आजार अशा कारणांनी ज्याला शिकणंच अशक्य आहे, त्याला सूट मिळू शकते, पण त्यासाठी डॉक्टरने तो फॉर्म भरून आजाराचा आणि न शिकता येण्याचा संबंध समजावून लिहावा लागतो. ढोबळ लिहिलं की परत येतो. आणि इथे वयाची भानगड. आमच्या निम्म्या म्हाताऱ्यांचा वाढदिवस १ जानेवारीला. जन्माचा दाखला नाही, मग छावणीतल्या कारकुनाने वर्ष अंदाजाने टाकलं आणि तारीख १ जानेवारी. माझ्या अमेरिकन सहकाऱ्यांना हे विचित्र वाटतं. मला नाही वाटत. माझ्या वडिलांचा आणि तीनही काकांचा वाढदिवस १ जून आहे, शाळेत नाव घालताना गुरुजींनी लिहिला तो. पण परिणाम गंभीर असतात: पासष्टाव्या वर्षी मिळणारा मेडिकेअर हा सरकारी विमा, मुलांच्या लसी, शिशाच्या तपासणीचं वय, सगळं त्या कल्पित तारखेवर. कागदावर अठ्ठावन्न असलेल्या आजीला विसरण्याचा आजार 'लवकर' झाला म्हणून आम्ही दुर्मिळ कारणं शोधत बसलो होतो. मोठ्या लेकाचं वय विचारलं तेव्हा उलगडा झाला. आजी सत्तरीची होती.

शिशावरून आठवलं. सोळा वर्षांपर्यंतच्या प्रत्येक निर्वासित मुलाचं रक्तातलं शिसं तपासायचं, आणि सहा वर्षांपर्यंतच्यांचं तीन ते सहा महिन्यांनी पुन्हा. ऑगस्ट २०२१ नंतर अफगाण कुटुंबं आली तेव्हा काही मुलांचे आकडे दुसऱ्या तपासणीत वाढलेले निघाले. अमेरिकेत येऊन शिसं वाढतं कसं? सुरमा, आणि घरून आणलेली अ‍ॅल्युमिनियमची भांडी. आईला 'डोळ्यांत घातलेलं विष आहे' असं सांगणारा रेसिडेंट परत ते घर बघत नाही. मी त्यांना सांगते, की माझ्या आईने मलाही काजळ-तीट लावलं होतं, बाळाला दृष्ट लागू नये म्हणून. तिथून बोलणं सुरू करा, मग भांड्यांचं विचारा.

छळाच्या जखमांबद्दल एकच. निर्वासित आणि आश्रय मागणारा ह्यांत कायद्याने फरक आहे: पहिल्याची पडताळणी बाहेर होऊन तो येतो, दुसरा इथे पोचून आश्रय मागतो आणि त्याला आपली कहाणी सिद्ध करावी लागते. त्यासाठी डॉक्टरांनी वैद्यकीय तपासणी कशी करावी, वण आणि सांगितलेली हकिकत कितपत जुळते ते कोणत्या पायऱ्यांत लिहावं, ह्याची आंतरराष्ट्रीय पद्धत म्हणजे इस्तंबूल प्रोटोकॉल. १९९९चा, २०२२ मध्ये सुधारलेला. फिजिशियन्स फॉर ह्यूमन राइट्स ही संस्था त्याचं प्रशिक्षण देते, रेसिडेंट असताना घ्या. मात्र ते शिकल्यावर प्रत्येक वणाची गोष्ट विचारायची खाज सुटते. मी पहिल्याच भेटीत एका इराकी माणसाच्या पाठीवरच्या वणाबद्दल विचारलं. त्याने उत्तर दिलं, पूर्ण, वीस मिनिटं. मी ऐकलं, आणि माझ्याकडे त्याला द्यायला त्या दिवशी ना समुपदेशक होता ना पुढची तारीख. त्याचा रक्तदाब तपासायचाही राहिला. तो पुन्हा कधी आला नाही.

आता आजची परिस्थिती, कारण ती न सांगता तुम्हाला इकडे या म्हणणं फसवणूक होईल. ऑक्टोबर २०२३ ते सप्टेंबर २०२४ ह्या वर्षात अमेरिकेत एक लाखाहून थोडे जास्त निर्वासित आले. जानेवारी २०२५ मध्ये हा कार्यक्रम स्थगित झाला आणि २०२६च्या आर्थिक वर्षासाठी मर्यादा ७,५०० ठरली. नव्याने येणाऱ्यांचा सरकारी वैद्यकीय आधार २०२५च्या मेमध्ये बारा महिन्यांवरून चारवर आला. आमच्याकडचे दोन केसवर्कर गेले, एक दुभाषी गेली. नव्या माणसाची पहिली तपासणी आता आठवड्याला जेमतेम एखादी असते. व्हिसाचंही बघा: सप्टेंबर २०२५च्या घोषणेने एच-१बी ह्या नोकरीच्या व्हिसाच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचा भार टाकला, त्यामुळे अनेक हॉस्पिटलं आता जे-१चाच विचार करतात. जे-१ संपल्यावर दोन वर्षं मायदेशी परतायची अट आहे; ती माफ करून घ्यायचा नेहमीचा रस्ता म्हणजे कॉनरॅड ३०. प्रत्येक राज्याला वर्षाला ३० जागा, डॉक्टर कमी असलेल्या भागात तीन वर्षं नोकरी. ह्या जागा पुष्कळदा कम्युनिटी हेल्थ सेंटरमध्ये असतात, आणि निर्वासितही तिथेच येतात. म्हणजे फेलोशिपच्या नावाने जे शोधताय ते पगारासकट ह्या तीन वर्षांत मिळू शकतं.

आणि नवे आले नाहीत म्हणून मंगळवारची ओपीडी ओस पडलेली नाही. २००९ साली आलेले बाबा आज डायलिसिसवर आहेत. त्यांच्या सुनेला साखर आहे, नातू ट्रकचा धंदा करतो आणि गोळ्या विसरतो. 'निर्वासित' हा शब्द किती वर्षं लावायचा कुणाला? उल्हासनगरात फाळणीनंतर छावण्यांत आलेल्या सिंध्यांची तिसरी पिढी अजून पत्ता सांगताना कॅम्प नंबर सांगतेच ना. आमच्या क्लिनिकचं आजचं खरं काम जंतांचं नाही. रक्तदाब, मधुमेह, गुडघे, एकटेपणा.

उष्णकटिबंधीय रोगांचा डिप्लोमा करू का, असंही विचारलंय. लंडन किंवा लिव्हरपूलचा तीन महिन्यांचा अभ्यासक्रम छान आहे, लिमाचा नऊ आठवड्यांचा गॉर्गस कोर्सही. पण रेसिडेन्सीनंतर, पैसे साठले की. आत्ता स्टेप २चे गुण महत्त्वाचे. स्टेप १ जानेवारी २०२२पासून फक्त पास-नापास झाल्यावर सगळा भार तिकडे गेलाय.

परीक्षा झाल्यावर निकाल येईपर्यंत तुमच्याकडे थोडे दिवस असतील. नागपूरहून फार लांब नाही, गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात, गोठणगावजवळ नॉर्ग्येलिंग ही तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे, १९७२पासूनची. भारताने १९५१च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, तरी ही माणसं आपल्याच राज्यात पन्नास वर्षं राहताहेत, आणि भारतातल्या तिबेटी समाजात क्षयाचं प्रमाण बराच काळ जास्त राहिलेलं आहे. धरमशालेच्या डेलेक हॉस्पिटलने त्यावर मोठं काम केलंय. वसाहतीच्या कार्यालयात आधी फोन करून, परवानगी घेऊन जा. स्टेथोस्कोप नेऊ नका. तिथल्या आरोग्यसेविकेला एवढंच विचारा की रुग्णाला जिल्ह्याच्या दवाखान्यात पाठवलं की तिथे त्याच्या वतीने कोण बोलतं, कोणत्या भाषेत, आणि परत आल्यावर तो काय समजून आलेला असतो. मग मला लिहा, आणि त्या उत्तरासकट तुमचा अर्जाचा निबंध पाठवा. मी वाचून देईन.